पूल बांधायच्या आधी थोडं भांडण होऊ द्या: खेळाच्या आभासी जगात मुलांना परक्या रीतींशी वागायला कसं शिकवतात

दोन देशांतल्या दोन शाळा माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे चौकोनी ठोकळ्यांनी (ब्लॉकनी) जग बांधायच्या संगणकावरच्या खेळात, एकत्र येतात. एक वर्ग शनिवारवाडा बांधतो, दुसरा वर्ग आपल्या गावातलं चर्च. मुलं एकमेकांच्या इमारतींत फेरफटका मारतात, चॅटमध्ये ‘छान, छान’ टाकतात, शिक्षक स्क्रीनशॉट काढतात आणि अहवालात ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असं लिहून उपक्रम संपतो. मुलांनी मेहनत घेतलेली असते, वास्तुरचनेबद्दल चार गोष्टी कळलेल्या असतात. पण परक्या माणसाशी वागण्याचं कौशल्य यातून येत नाही, कारण तशी वेळच कुणावर आलेली नसते. प्रत्येकाने आपापलं बांधलं आणि दुसऱ्याचं लांबून पाहिलं.

हे कौशल्य म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. भाषाशिक्षणात मायकल बायरम यांनी १९९७ मध्ये मांडलेली चौकट आजही खूप वापरली जाते. तिचे पाच भाग आहेत: कुतूहल आणि मोकळं मन, आपल्या आणि दुसऱ्याच्या समाजाची माहिती, दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावून तो आपल्याशी ताडून पाहणं, प्रत्यक्ष बोलता-वागता नवी माहिती काढून घेणं, आणि आपल्या स्वतःच्या रीतींकडेही चिकित्सकपणे बघणं. शाळा यातला दुसरा भाग, म्हणजे माहिती, पुस्तकातून व्यवस्थित शिकवू शकते. तिसरा आणि चौथा भाग मात्र सराव केल्याशिवाय येत नाही. समोरच्याने काहीतरी विचित्र केलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटात मूल काय करतं? चिडतं, गप्प होऊन बाजूला जातं, की ‘तू असं का केलंस?’ म्हणून विचारतं? सरावाने बदलायचं ते एवढंच. खेळाच्या जगात असे प्रसंग मुद्दाम घडवता येतात, थांबवता येतात आणि पुन्हा खेळता येतात. वर्गात बसून किंवा सहलीला जाऊन हे जमत नाही.

नुसती भेट पुरत नाही

वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आली की पूर्वग्रह आपोआप गळून पडतात, हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं की संपर्काचा उपयोग व्हायचा तर चार गोष्टी असाव्या लागतात: दोन्ही गटांचा दर्जा सारखा, ध्येय सामायिक, ते गाठायला परस्पर सहकार्य, आणि या सगळ्याला मोठ्यांचा किंवा संस्थेचा उघड पाठिंबा. पुढे थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्याचा निष्कर्ष असा की संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात, आणि या चार अटी पाळल्या असतील तर जास्त कमी होतात.

खेळाच्या जगात यातल्या दोन अटी जवळजवळ फुकट मिळतात. सगळ्यांचं शरीर सारखंच चौकोनी असतं. कपडे, उच्चार, बुटांची किंमत दिसत नाही. ध्येयही शिक्षक ठरवून देऊ शकतात. सहकार्य मात्र रचावं लागतं, ते आपसूक येत नाही. सर्वांत वाईट रचना म्हणजे ‘आमची शाळा विरुद्ध तुमची शाळा’ अशी बांधकाम स्पर्धा. दोन गटांत चुरस लावली की ‘आम्ही’ आणि ‘ते’ ही रेघ आणखी ठळक होते. तरीही अशा स्पर्धा भरपूर होतात, कारण त्या भरवायला सोप्या आणि बातमीला बऱ्या दिसतात.

इस्रायलचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. तिथे लोकसंख्येचा सुमारे पाचवा भाग अरब आहे, पण हिब्रू माध्यमाच्या आणि अरबी माध्यमाच्या शाळा बहुतांशी वेगळ्या आहेत. बरीच मुलं दुसऱ्या गटातल्या समवयस्काशी एकदाही न बोलता मोठी होतात. ‘गेम्स फॉर पीस’ या संस्थेने ज्यू आणि अरब मुलांना माइनक्राफ्टमध्ये एकत्र कामं दिली. जोय बेनाटोव्ह, रोनी बर्गर आणि कार्मित तदमोर यांनी अशा उपक्रमाचा अभ्यास करून २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल सोशल सायकॉलॉजी’त तो प्रसिद्ध केला. सहकार्याने खेळलेल्या मुलांमध्ये दुसऱ्या गटाबद्दलचे पूर्वग्रह कमी झालेले आढळले. हा परिणाम आखलेल्या आणि मोठ्यांनी सांभाळलेल्या कार्यक्रमाचा आहे. घरी बसून अनोळखी सर्व्हरवर खेळणाऱ्या मुलाला तो लागू करता येत नाही. आणि बाहेरचा संघर्ष खेळाने मिटत नाही, तसा दावा कुणी करू नये.

त्याच देशातल्या, शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करणाऱ्या मोफेत इन्स्टिट्यूटमधल्या टेक सेंटरची पद्धतही घेण्यासारखी आहे. वेगवेगळ्या समाजांच्या शाळांतल्या मुलांचे छोटे मिश्र गट करायचे आणि संपर्क पायरीपायरीने वाढवायचा: आधी फक्त लेखी, मग आवाज, मग व्हिडिओ, आणि शेवटी जमल्यास प्रत्यक्ष भेट. पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉल लावला की मुलं आधी चेहरा, कपडे, मागची खोली बघतात आणि तिथेच मत बनवून मोकळी होतात. लेखी कामातून ओळख झाली की चेहरा दिसेपर्यंत त्या माणसाबद्दल दुसरं काहीतरी ठाऊक झालेलं असतं.

दोन गावं, एक नदी: पाठ कसा रचायचा

या प्रकारच्या पाठांचा पाया संगणकाच्या आधीचा आहे. शिवसैलम थियागराजन यांनी १९८० च्या सुमारास ‘बारंगा’ नावाचा पत्त्यांचा खेळ रचला. प्रत्येक टेबलावर साधा डाव चालतो, नियमांचा कागद वाचून झाला की काढून घेतात, बोलायला बंदी असते, आणि जिंकणारे-हरणारे टेबलं बदलतात. प्रत्येक टेबलाचे नियम थोडे वेगळे आहेत, हे मात्र कुणालाच सांगितलेलं नसतं. नव्या टेबलावर आलेल्याला वाटतं समोरचे लबाडी करताहेत. समोरच्यांनाही तसंच वाटतं. हीच कल्पना ब्लॉकच्या जगात आणता येते. पुढचा आराखडा २४ मुलांसाठी, साधारण १० ते १३ वर्षांच्या वयाला बसणारा आहे.

सपाट जग निवडा, कारण त्यात झाडं किंवा डोंगर नसतात आणि मुलांना ठरवून दिलेल्या सामानाबाहेरचं फारसं काही मिळत नाही. मधून ९ ब्लॉक रुंद नदी काढा. दोन्ही काठांवर एकेक गाव, प्रत्येकात १२ मुलं. पूर्वेकडची दोन आणि पश्चिमेकडची दोन अशा चौघांचा एक गट, म्हणजे एकूण सहा गट आणि सहा पूल. प्रत्येक पूल ११ ब्लॉक लांब (दोन्ही काठांवर एकेक ब्लॉक टेकलेला) आणि ३ ब्लॉक रुंद. ओळी आलटून पालटून दोन रंगांच्या: सहा लाल, पाच पांढऱ्या. म्हणजे १८ लाल आणि १५ पांढरे ब्लॉक लागतात. लाल ब्लॉक फक्त पूर्वेच्या चेस्टमध्ये (सामानाच्या पेटीत), पांढरे फक्त पश्चिमेच्या. पुलावर आठ मशालीही हव्यात. एक कोळसा आणि एक काठी मिळून चार मशाली होतात, तेव्हा प्रत्येक गटासाठी पूर्वेकडे दोन कोळसे आणि पश्चिमेकडे दोन काठ्या ठेवा. कुणालाही एकट्याने पूल पुरा करता येणार नाही, हा या हिशोबाचा उद्देश आहे.

ब्लॉक लोकरीचे ठेवा. दगड आणि लाकूड जास्त खरं वाटतं म्हणून बहुतेक जण तेच निवडतात, पण माइनक्राफ्टमध्ये दगड नुसत्या हाताने फोडला तर हाती काहीच लागत नाही. चुकीच्या जागी ठेवलेला ब्लॉक कायमचा गेला की गट सामानावरून रडतो आणि रीतींचा विषय बाजूला राहतो. लोकर हाताने काढली की परत मिळते. तरी नदीत वाहून जाणाऱ्या ब्लॉकसाठी प्रत्येक रंगाचे दोन-तीन जास्तीचे ठेवलेले बरे.

मोड सर्व्हायव्हलच (ज्यात सामान मिळवावं लागतं) असू द्या आणि काठिण्य ‘पीसफुल’. इथे हमखास चूक होते. शिक्षकांना क्रिएटिव्ह मोड सुरक्षित वाटतो. पण त्यात प्रत्येकाकडे प्रत्येक वस्तू अमर्याद असते, त्यामुळे दुसऱ्याकडे मागायची गरजच उरत नाही आणि पाठाचा कणा मोडतो. पीसफुल ठेवल्याने राक्षसही येत नाहीत आणि भूकही लागत नाही. खेळाडूंनी एकमेकांना मारण्याची सोय, आग पसरणं आणि स्फोट बंद करा. दिवस-रात्रीचं चक्रही थांबवा. खेळातला एक दिवस २० मिनिटांचा असतो, म्हणजे ऐन कामात अंधार पडतो. माइनक्राफ्टच्या शालेय आवृत्तीत ‘डिनाय’ ब्लॉक पुरून गावातली घरं तोडफोडीपासून वाचवता येतात. त्या ब्लॉकच्या वरच्या जागेत विद्यार्थ्यांना काही बांधता-पाडता येत नाही.

आता खरा भाग, रीतींची कार्डं. पूर्वेकडच्यांना मिळणारे नियम असे: बोलण्याआधी समोरच्यापुढे दोनदा वाकायचं, न वाकता बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्याच्या चेस्टमधून काही घ्यायचं तर आधी त्यात आपलं काहीतरी ठेवायचं. आणि पहिला ब्लॉक बसवण्याआधी गटातल्या चौघांनीही ‘हो’ म्हटलेलं असलं पाहिजे. पश्चिमेकडच्यांचे नियम: बोलताना अगदी जवळ, एका ब्लॉकवर उभं राहायचं, मागे सरकणारा माणूस नाराज आहे असं समजायचं. चेस्ट सगळ्यांची, विचारून घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं. आणि कामाला आधी हात घालायचा, चर्चा नंतर.

प्रत्येक नियमामागचं कारण कार्डाच्या मागे लिहा. उदाहरणार्थ, पूर्वेच्या गावात एकदा पुराने धान्य वाहून गेलं, तेव्हापासून कुणाचीही पेटी रिकामी होऊ द्यायची नाही असं ठरलं. हे कारण आपणहून सांगायचं नाही. कुणी नीट विचारलं तरच सांगायचं. त्यामुळे विचारणाऱ्याला खेळातच बक्षीस मिळतं. दोन्ही बाजूंचे नियम सारख्याच मानाचे हवेत. एका बाजूला हास्यास्पद किंवा उद्धट रीत दिली तर मुलं ते पात्र विनोदी करून टाकतात, आणि ‘परके म्हणजे विचित्र’ हाच धडा घेऊन जातात.

वाकण्याच्या नियमात एक गुंता मुद्दाम ठेवला आहे. माइनक्राफ्टमध्ये कडेवरून पडू नये म्हणून पूल बांधणारा खेळाडू वाकूनच ब्लॉक ठेवतो. पश्चिमेकडच्याला कळत नाही की समोरचा नमस्कार करतोय की काम करतोय. खऱ्या आयुष्यातही सगळ्यात जास्त घोळ अशाच हालचालींचा होतो, ज्या दोघांनाही ओळखीच्या वाटतात.

मधे पडू नका, आणि नंतरचा वेळ कापू नका

वेळेची विभागणी जोडतासिकेसाठी, म्हणजे ७० ते ८० मिनिटांसाठी अशी: १० मिनिटं आपापल्या गावात रीतींचा सराव, २५ मिनिटं पूल, ५ मिनिटं गप्प बसून लिहिणं, २५ मिनिटं चर्चा. उरलेल्या वेळात पुन्हा एकदा खेळ. एकच तासिका असेल तर खेळ १५ मिनिटांवर आणा, पण चर्चा उद्यावर ढकलू नका. दुसऱ्या दिवशी राग विरलेला असतो आणि मुलं शिक्षकांना आवडेल ते उत्तर देतात.

खेळ सुरू झाला की थोड्याच वेळात पश्चिमेकडचा कुणीतरी पूर्वेची चेस्ट उघडून लोकर घेणार आणि चॅटमध्ये ‘चोर’ हा शब्द येणार. इथे शिक्षकांचा हात आपसूक मधे जातो. जाऊ देऊ नका. शिवी, धमकी किंवा एकाच मुलाला सगळ्यांनी धरणं असं काही झालं तर थांबवा; बाकी भांडण हेच पाठाचं साहित्य आहे. चॅटचे आणि पुलाचे फोटो काढून ठेवा. शालेय आवृत्तीतल्या कॅमेऱ्याने आणि वहीने पुलाच्या नोंदी मुलंच ठेवू शकतात.

चर्चेची सुरुवात ‘काय शिकलात?’ अशी केली की ‘सर्वांचा आदर करावा’ हे ठरलेलं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी प्रत्येक बाजूने दुसऱ्या बाजूबद्दल तीन विशेषणं लिहायची. एका बाजूने ‘चोरटे, उतावळे, अंगावर येणारे’, दुसरीने ‘शिष्ट, मंद, नाटकी’ अशी यादी फळ्यावर येते. मग प्रत्येक विशेषणापुढे एकच प्रश्न: कशावरून? तू डोळ्यांनी काय पाहिलंस? ‘चोरटे’ खोडून ‘न विचारता चार लोकरी घेतल्या’ असं लिहिलं जातं. ‘शिष्ट’ खोडून ‘मी बोललो तेव्हा उत्तर दिलं नाही’. विशेषण आणि पाहिलेली गोष्ट यांच्यातलं अंतर मुलांना पहिल्यांदा दिसतं ते इथे. त्यानंतर समोरच्यांचा नियम काय असावा याचा अंदाज बांधायचा, आणि मग तो अंदाज थेट त्यांनाच विचारून तपासायचा. नियम शिक्षकांनी फोडून सांगितले तर हा सगळा भाग वाया गेला.

युरोपीय परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००९ मध्ये अशा प्रसंगांवर विचार करण्यासाठी प्रश्नसंच तयार केला, त्याची लहान मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. त्याचा क्रमही जवळपास हाच आहे: काय घडलं, तेव्हा मला काय वाटलं, समोरच्याला काय वाटलं असेल, आमच्यात सारखं काय आणि वेगळं काय, आता मी काय करेन. वहीच्या एका पानावर हे पाच प्रश्न छापून दिले तरी पुरे.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटातल्या एका मुलाला नदीपलीकडे राहायला पाठवा, तिथल्या रीतींसह. पहिल्या फेरीत ज्याला राग आला होता तोच आता ती रीत वागून बघतो. बायरम यांच्या पाचव्या भागाकडे, आपल्याच रीतीकडे बाहेरून बघण्याकडे, दहा-बारा वर्षांची मुलं पोचतात ती बहुधा या फेरीत.

खऱ्या जोडीदार शाळेबरोबर

काल्पनिक गावांचा पाठ एकाच वर्गात होऊ शकतो आणि तिथेच आधी करावा. दूरच्या शाळेबरोबर काम सुरू करताना तांत्रिक अडचणी एवढ्या असतात की मुलांना आधीपासून सवय नसेल तर पहिल्या दोन बैठका पासवर्ड शोधण्यात जातात.

माइनक्राफ्टच्या शालेय आवृत्तीत एका जगात बरेच खेळाडू एकत्र येऊ शकतात. यजमान जग उघडतो आणि चार चित्रांचा एक संकेत देतो. बाकीच्यांनी ती चित्रं त्याच क्रमाने निवडून आत यायचं. ते जग यजमानाच्या यंत्रावर चालतं. त्याने लॅपटॉप बंद केला, किंवा त्याचं इंटरनेट गेलं, की सगळेच बाहेर फेकले जातात. म्हणून यजमानाचं यंत्र मुलाचं नको, शिक्षकांचं हवं, शक्यतो तारेने जोडलेलं. शाळेच्या फायरवॉलने (इंटरनेटवरची ये-जा गाळणाऱ्या व्यवस्थेने) खेळाची वाट अडवली असेल तर संकेत बरोबर असूनही जोडणी होत नाही. हे खात्रीने कुणाच्या तरी बाबतीत होतं, तेव्हा तपासणी आठवडाभर आधी करा. दोन वेगळ्या संस्थांच्या खात्यांना एकत्र खेळायचं तर दोन्हीकडच्या व्यवस्थापकांनी तशी परवानगी चालू करावी लागते. प्रत्येक बैठकीनंतर जगाची प्रत काढून ठेवायची, तारीख घालून.

परवान्याचे पैसे नसतील तर लुआंटी हा माइनक्राफ्टसारखाच, मोफत पर्याय आहे. २०१० पासून चालत आलेला हा मुक्त प्रकल्प २०२४ पर्यंत माइनटेस्ट या नावाने ओळखला जायचा. तो जुन्या संगणकांवरही चालतो, आणि एका लॅपटॉपला सर्व्हर करून साध्या वायफाय राउटरवर, इंटरनेटशिवाय, आख्खा वर्ग खेळू शकतो. वर्गासाठी तयार केलेली साधनं मात्र त्यात कमी आहेत, आणि सामानाची मापं व कृती निवडलेल्या खेळाप्रमाणे बदलतात, तेव्हा वरचा हिशोब आधी स्वतः खेळून पाहा.

घड्याळाचं गणित कागदावर मांडून ठेवा. भारतात दुपारचे अडीच वाजतात तेव्हा हिवाळ्यात फिनलंडमध्ये सकाळचे अकरा आणि जर्मनीत दहा वाजलेले असतात; दोन्ही शाळा भरलेल्या असतात, म्हणून युरोपशी जोडी सोपी. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासाने सरकतात आणि त्या आठवड्यात एक वर्ग हमखास रिकाम्या जगात वाट पाहत बसतो. अमेरिकेशी शाळेच्या वेळेत जमत नाही. उत्तर अमेरिकेत शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळांशी जोडी करायची तर न्यू जर्सीतले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ.

या मराठी शाळांबरोबरच्या जोडीत एक खोच आहे. भाषा एक, आडनावं ओळखीची, गणपती दोन्हीकडे. त्यामुळे मुलं आणि शिक्षक दोघंही धरून चालतात की फरक काही नाही. मग एका बाजूचं मूल शिक्षकांना नावाने हाक मारतं, ‘मला हे आवडलं नाही’ असं सरळ लिहितं, आणि दुसरी बाजू ते उद्धटपणात जमा करते. जिथे फरक अपेक्षित नसतो तिथे तो जास्त टोचतो. अशा जोडीला वरची कार्डं आधी खेळवावीत, अगदी फिनलंडच्या जोडीपेक्षाही आधी.

भाषेचा प्रश्न सगळीकडे येतो. सगळी चॅट इंग्रजीत ठेवली की ज्या बाजूचं इंग्रजी बरं ती बाजू पुढारी होते आणि ऑलपोर्टची पहिलीच अट, समान दर्जा, तुटते. उपाय तीन आहेत आणि ते आलटून पालटून वापरावेत: एक बैठक पूर्ण मूक, फक्त हालचाली आणि ब्लॉकची चिन्हं, एक बैठक पहिल्यांच्या भाषेत, एक दुसऱ्यांच्या, शब्दांच्या छोट्या यादीसह. आपसात बोलायला मात्र नेहमी मातृभाषेची मोकळीक. देवनागरी चॅट वापरणार असाल तर जोडाक्षरं स्क्रीनवर नीट उमटतात का, ते त्याच यंत्रावर आधी बघा.

कुठे फसतं

सर्वांत जास्त फसतं ते खेळातल्या पटाईत मुलामुळे. संस्कृती वगैरे बाजूला राहते आणि ज्याला खेळ येतो तो आणि ज्याला येत नाही तो, अशी नवी जातपात दहा मिनिटांत तयार होते. पटाईत मूल पूल एकटं बांधून मोकळं होतं. अशा मुलाला हात न लावण्याची भूमिका द्या: तो फक्त निरीक्षक, किंवा फक्त विचारल्यावर सांगणारा. एका यंत्रावर दोन ते चार जण बसवून दर सात मिनिटांनी माउस पुढे द्यायचा, हाही चांगला उपाय आहे. यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या शहर-वस्तीविषयक संस्थेच्या ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ कार्यक्रमात, जो २०१२ पासून नैरोबीच्या किबेरासारख्या वस्त्यांमधल्या लोकांना माइनक्राफ्टमधून आपली मैदानं आखायला देतो, एका संगणकावर अनेक जण बसवणं हा पद्धतीचाच भाग आहे. कारण पडद्यावर काय ठेवायचं यावर शेजाऱ्याशी बोलावं लागतं. आठ संगणक आणि बत्तीस मुलं ही आपल्याकडची नेहमीची स्थिती त्यामुळे या कामात अडचण ठरत नाही.

खऱ्या समाजाची भूमिका मुलांना वठवायला देणं हा दुसरा खड्डा. ‘आज तू आदिवासी, तू अरब’ असं वाटलं की मुलं सिनेमातलं जेवढं ठाऊक तेवढंच करतात. काल्पनिक गावं असतात ती यासाठीच. त्याच्या उलट चूक म्हणजे वर्गातल्या एकुलत्या एक मुस्लिम किंवा ईशान्य भारतातल्या मुलाला ‘तुमच्यात कसं असतं?’ म्हणून विचारणं. ते मूल समाजाचं प्रवक्तं नाही. त्याला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर ऐकावं.

तोडफोडीबद्दल लगेच शिक्षा नको. सकाळी येऊन बघावं तर आपल्या मुलांनी बांधलेली भिंत जोडीदार शाळेने पाडलेली. कधी तो खोडसाळपणा असतो, कधी समोरच्यांच्या समजुतीत अर्धवट बांधकाम सगळ्यांचं असतं आणि त्यांनी ते ‘सुधारलेलं’ असतं. जुनी प्रत हाताशी असल्याने नुकसान भरून निघतं, तेव्हा आधी विचारायला वेळ आहे.

आणि अतिसभ्यता. दोन्ही बाजू इतक्या जपून वागतात की कुणी कुणाला काही विचारतच नाही, पूल सुंदर होतो आणि शिकणं शून्य. असं दिसलं तर पुढच्या बैठकीत सामान आणखी अडचणीचं करा: ब्लॉक तीन कमी ठेवा, वेळ पाच मिनिटं कापा.

परिणाम मोजायला ‘मी इतर संस्कृतींचा आदर करतो: सहमत/असहमत’ छापाच्या प्रश्नावल्या जवळपास निरुपयोगी आहेत, हुशार मुलाला कुठे खूण करायची ते कळतं. चॅट मोजा. पहिल्या आणि शेवटच्या बैठकीत प्रश्न किती आणि हुकूम किती? गैरसमज झाल्यापासून पहिला प्रश्न येईपर्यंत किती मिनिटं गेली? आपली रीत कुणी विचारली तर मूल कारण सांगतं की ‘आमच्यात असंच असतं’ म्हणतं? या तीन नोंदी एका शिक्षकाला करता येतात. एका बैठकीवरून निष्कर्ष काढू नका. पाच-सहा बैठका झाल्याशिवाय आकड्यांत काही दिसत नाही.

कायद्याचं थोडक्यात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती हा सर्वसाधारण नियम आहे. युरोपीय संघात ही वयोमर्यादा १६ आहे आणि सदस्य देश ती १३ पर्यंत उतरवू शकतात, म्हणजे जोडीदार शाळेचा कागद वेगळा असेल. खऱ्या नावाऐवजी टोपणनावं, फक्त आमंत्रितांसाठी बंद जग, खासगी संदेश बंद, आणि चॅटच्या नोंदी किती दिवस ठेवणार हे पालकांना लेखी. सार्वजनिक सर्व्हरवर वर्ग नेऊ नका, तो कितीही ‘मुलांसाठी’ असला तरी.

महाराष्ट्रात दूरचा जोडीदार शोधायच्या आधी वर्गातच पाहावं. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी मुलं, मुंबईच्या शाळेत घरी भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारी, पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली. हंगामाचा वर्ग असेल तर पाठांची आखणी गाळपाच्या वेळापत्रकावर बसवा: मुलं दिवाळीच्या सुमारास येतात आणि मार्च-एप्रिलला परततात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीनच महिने हातात असतात. यातली अनेक मुलं संगणकाला पहिल्यांदाच हात लावत असतात. त्यांना आधी दोन तासिका माउस आणि चालणं-वाकणं शिकवा, आणि तेही स्थानिक मुलांच्या नजरेआड. नाहीतर पूल सुरू व्हायच्या आधीच कोण शिकवणार आणि कोण शिकणार हे ठरून जातं.